दिवाळीच्या तळणीचं उरलेलं तेल: तुम्ही काय करता?

आठवी_गल्ली | २६ ऑक्टोबर, रात्री ९.१०

मंडळी, फराळ संपत आला, पण तेल काही संपेना. चकली, शेव, करंज्या, चिरोटे एवढं सगळं तळून माझ्याकडं पावणेतीन लिटर तेल उरलंय. निम्मं शेंगतेल, निम्मं सूर्यफूल. चकलीच्या घाण्यानंतर त्याचा रंग चहासारखा झालाय.

मागच्या वर्षी असंच उरलेलं मी गुपचूप मोरीत ओतलं आणि वर गरम पाणी सोडलं. वाटलं, सुटले. जानेवारीत तळमजल्यावरच्या काकींच्या न्हाणीत पाणी उलटं आलं. प्लंबरनं पाईपातनं मेणासारखे पांढरे गोळे काढले नि जिन्यात उभा राहून विचारलं, "वर वड्याची गाडी हाय काय ओ कुणाची?" मी दार लावून आत बसले.

यंदा सासूबाई म्हणतात, भाजीला घाल, महिनाभर पुरतंय. नवरा म्हणतो, पिशवीत बांधून घंटागाडीत टाक. मला दोन्ही पटत नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, अंगण नाही, गॅलरी आहे. खरंच काय करता तुम्ही?

पेठेतला_गडी | ९.१८

कट काढा की वैनी. मिसळीला काय, वरनं तवंग दिसला की झालं. 😄

आक्काबाई | ९.३१

गड्या, गप बस.

आठवी, मी काय करतो सांगतो. तळण झालं की तेल कोमट असतानाच सुती फडक्यातनं गाळतो, स्टीलच्या डब्यात भरतो, झाकण घट्ट लावतो. कढईत रात्रभर ठेवत नाही. मग आठवडाभर फोडणीला, थालीपिठाला, घावनाला. तेवढ्यात संपतंय. मुळात मी छोट्या कढईत तळतो. वेळ जातो, पण शेवटी तेल उरतं वाटीभर. तू भली मोठी कढई घेतलीस काय?

वऱ्हाडी_मन | ९.४४

आक्काबाई दादा, फोडणीला एकदा तळलेलं तेल वापरणं बरोबर आहे का?

पुण्यात_अडकलेला | ९.५२

@वऱ्हाडी_मन, आक्काबाई दादा नाहीत, दोन नातवंडांच्या आजी आहेत. कोल्हापुरात बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. माझ्या आईनं पुण्यात शेजारणीला "मी जेवलो" सांगितलं, तर शेजारीण अजून आईच्या तोंडाकडं बघते.

आक्काबाई | १०.०५

दादा म्हटलंस तरी चालतंय. ओवाळणी पाठव तेवढी.

रसायनवाले | १०.४०

थोडं सविस्तर लिहितो, कारण दरवर्षी हा विषय येतो आणि दरवर्षी कुणीतरी "तेल गाळलं की नवं झालं" असं लिहितं.

तळताना तेलात तीन गोष्टी होतात. पदार्थातल्या पाण्यानं तेलाचे रेणू तुटून मोकळी आम्लं सुटतात, हवेतल्या प्राणवायूनं ते खवट होतं आणि उष्णतेनं रेणू एकमेकांना चिकटून तेल दाट होतं. कढईच्या काठावर पिवळा चिकटा धरतो ना, जो घासून निघत नाही, तो हाच. या सगळ्या बिघाडाचं एक माप आहे, टीपीसी म्हणजे एकूण ध्रुवीय संयुगं. १ जुलै २०१८ पासून आपल्याकडं कायद्यानं ते २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल खाण्यात वापरता येत नाही. घरी मीटर नसतो. पण तळताना फेस येऊन तो बसत नसेल, आधीपेक्षा लवकर धूर येत असेल, तेल मधासारखं ओघळत असेल, तर त्याचा खेळ संपला समजा.

गाळल्यानं जळका बुरा निघतो. ते चांगलंच, कारण तो राहिला तर तेल आणखी लवकर बिघडतं. काही जण बटाट्याचे काप तळून काढतात, काही जण कॉर्नफ्लॉवरचं पाणी घालतात. त्यानं तेल स्वच्छ दिसतं. बिघडलेले रेणू तिथंच राहतात.

आक्काबाईंची कढईत न ठेवण्याची सवय एकदम योग्य. लोखंड आणि तांबं यांच्या संगतीत तेल फार लवकर खवट होतं. लोखंडी कढईत रात्रभर ठेवलेलं तेल आणि स्टीलच्या डब्यातलं तेल आठ दिवसांनी हुंगून बघा. आणि @वऱ्हाडी_मन, एकदा तळलेलं, गाळलेलं तेल फोडणीला चालतं. लवकर संपवायचं आणि पुन्हा तळणीला घ्यायचं नाही.

राहिले प्लंबरनं काढलेले गोळे. तेलातली आम्लं आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून पाईपात एक प्रकारचा साबण होतो, पाण्यात न विरघळणारा. गरम पाण्यानं तेल फक्त पुढं ढकललं. तुमच्या पाईपातनं काकींच्या पाईपात.

आठवी_गल्ली | १०.५१

काकींना हा धागा कुणी दाखवू नका प्लीज.

पेठेतला_गडी | १०.५३

पाठवला.

धारोष्ण | २७ ऑक्टोबर, सकाळी ६.१५

पाडव्याला आमच्या म्हशी सजवल्या, शिंगं रंगवली, अंगाला तेल लावून चकचकीत करून मिरवल्या. तवा गल्लीतल्या एका वैनींनी डबा पुढं केला, "चकलीचं उरलंय, लावा म्हशीला." आवो, ती म्हस हाय, गाडीचा आस न्हाई. खवट तेलानं अंगावर माश्या घोंगावत्यात. पेंडंत मिसळून खायला घाला म्हणून बी काही जण सांगत्यात. तुमच्या पोटाला चालंना ते आमच्या म्हशीला कसं चालंल? धार बिघडली तर सकाळी दूध कट्ट्यावर पेला घेऊन उभं राहणार तुम्हीच.

पुण्यात_अडकलेला | ७.०२

मी कोल्हापुरी चपलेला लावलं होतं. नवं पायताण चावत होतं, करकरतही होतं. आजोबा एरंडेल लावून रात्रभर ठेवायचे हे आठवत होतं. एरंडेल नव्हतं, वड्याचं तेल होतं. चामडं मऊ पडलं, खरंच. सकाळी दारात एकच चप्पल. दुसरी कोपऱ्यावरचं कुत्रं चघळत बसलं होतं. मी ओरडलो तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच त्याच्या ताटातलं ओढतोय.

आक्काबाई | ७.२०

🤣🤣 वड्यात लसूण जास्त पडला असणार.

बागवेडी | ९.०५

गॅलरीत जास्वंद असेल तर थोडं तेल उपयोगी पडतं. फांद्यांवर कापसासारखा पिठ्या ढेकूण बसतो, त्यासाठी लिटरभर पाण्यात छोटा चमचाभर तेल आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब घालून जोरात हलवायचं आणि संध्याकाळी फवारायचं. तेलाचा थर बसला की किडीचा श्वास कोंडतो. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. मी चकलीचं तेल वापरून एकदा अख्खा मोगरा होरपळवला, तेव्हापासून आधी दोन पानांवर करून बघते.

दुसरं, पिवळ्या पुठ्ठ्यावर प्लॅस्टिक ताणून त्यावर दाट झालेलं तेल फासायचं आणि कुंडीत खोचायचं. पांढरी माशी येऊन चिकटते. रसायनवाले म्हणतात तो चिकटा इथं कामाला येतो. पण या सगळ्याला लागतं पाव वाटी. पावणेतीन लिटरला तुम्हाला अख्खी रोपवाटिका लागेल.

शाहूपुरीचे_अण्णा | १०.३०

आमच्या लहानपणी तेल उरतच नसे. घाण्यावरून मोजून आणायचं, राहिलं तर बैलगाडीच्या चाकाला, कोयंड्याला, जात्याच्या खुंट्याला. आता पाच लिटरचा कॅन येतो आणि हात सैल सुटतो.

मोरीत ओतणाऱ्यांसाठी एवढंच की आपल्या शहरातला जयंती नाला शेवटी पंचगंगेला जातो. पंचगंगा पुढं इचलकरंजीवरून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. पाण्यावर तवंग बसला की खालच्या पाण्याला हवा मिळत नाही. वाडीला दत्ताच्या पायाशी जाऊन आपण हात जोडणार, आणि आधी आपल्याच चकलीचं तेल तिथं पोचलेलं.

उद्यमनगर | १२.४५

एक वेगळी माहिती. आमच्या फौंड्रीत कास्टिंगच्या आतली पोकळी ठेवायला वाळूचा कोअर करतात. ती वाळू धरून ठेवायला पूर्वापार कोअर ऑईल वापरतात, आणि त्याचा आधार जवसाचं तेल. का, तर जवसाचं तेल भट्टीत तापलं की वाळून कडक होतं. माझ्या बायकोनं विचारलं, मग आपलं तळणीचं घे की. नाही चालत. शेंगतेल तसं वाळत नाही, कोअर ढासळेल आणि मालक मला ढासळवेल.

सेंट्रिंगवाले मात्र घेतात. स्लॅबच्या प्लेटांना काँक्रीट चिकटू नये म्हणून तेल लागतंच. आमच्या गल्लीत बांधकाम चालू होतं तेव्हा मिस्त्रीनं दोन डबे खुशीत नेले. मुंग्या लागतील म्हणाला, पण नेले.

आणि हो, १० ऑगस्ट १८९३ ला रुडॉल्फ डिझेलनं पहिलं इंजिन शेंगतेलावर चालवलं होतं. म्हणून त्या दिवशी जैवइंधन दिन असतो. ऑईल इंजिनं करणाऱ्या गावाला हे माहीत पाहिजे.

रसायनवाले | १.२०

@उद्यमनगर, थोडी गल्लत होतेय, आणि हे फॉरवर्ड दरवर्षी फिरतं. १० ऑगस्ट १८९३ ला जर्मनीत आउग्सबुर्गला डिझेलच्या इंजिनाची पहिली चाचणी झाली, एवढंच. शेंगतेलावर इंजिन चाललं ते १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात.

मोह होईल म्हणून सांगतो, आपलं तेल गाळून थेट डिझेल गाडीत घालू नका. ते दाट असतं, नोझल चोंदतात. आधी त्याचं बायोडिझेल करावं लागतं. ढोबळ हिशेब असा की १०० किलो तेलाशी १० ते ११ किलो मिथेनॉलची प्रक्रिया झाली की १०० किलोच्या आसपास बायोडिझेल आणि १० किलोच्या आसपास ग्लिसरीन मिळतं. मिथेनॉल विषारी, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी नीट दिसतही नाही. घरच्या गॅसशेजारी हा उद्योग नको.

पेठेतला_गडी | १.३३

शिवजयंतीला पन्हाळ्यावरनं ज्योत आणतो आम्ही, त्या मशालीला गल्लीतलं तळणीचं तेल चालवलं होतं. गाळून घेतलेलं. पळताना मागच्या पोरांना भज्याचा वास यायचा. वाटेत दोघं थांबून गाडीवर खाऊन आले.

आठवी_गल्ली | १.४०

पणत्यांना चालेल का मग?

आक्काबाई | १.५५

अंगणातल्या पणतीला चालतंय, देवापुढं नको. तळणीचं ते खरकटंच. आणि त्यात कण राहिले की वात काजळते, तडतडते.

दुचाकी_वीर | ४.१०

याच धाग्यात विचारतो. गाडीचं ऑईल मी घरीच बदलतो. काळं ऑईल साठलंय तीन बाटल्या. गावाकडं वाळवीला लाकडाला फासतात. आणि हे तळणीच्या तेलात मिसळून एकदमच कुणाला देता येईल का?

उद्यमनगर | ४.२५

मिसळू नको भावा! दोन्ही वाया जाईल. काळ्या ऑईलमध्ये इंजिन झिजून आलेले धातू असतात, जळून तयार झालेली घातक रसायनं असतात. सरकारी नियमात तो घातक कचरा आहे, २०१६ च्या नियमांत स्पष्ट धरलाय. झाकणबंद कॅनमध्ये गॅरेजला दे. त्यांच्याकडं पिंप असतं, तिथनं ते पुन्हा शुद्ध करायला जातं. वाळवीला म्हणून घरातल्या कपाटाला, दाराला फासू नको. हातालाही लागू देऊ नको.

फरसाणवाले_मामा | रात्री ११.२०

दुकान बंद करून आत्ता वाचलं सगळं. आमचं रोजचं काम तेलाचंच, म्हणून लिहितो.

रोज ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्यांना १ मार्च २०१९ पासून नोंदवही ठेवावी लागते. किती आणलं, किती वापरलं, किती टाकाऊ निघालं, कुणाला दिलं. टाकाऊ तेल मान्यताप्राप्त गोळा करणाऱ्यालाच द्यायचं. एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, 'रुको' म्हणून योजना आहे, २०१८ ची, त्यातनं ते बायोडिझेलला जातं. २०१९ ला सरकारी तेल कंपन्यांनी असं बायोडिझेल पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपयांनी घ्यायचं ठरवलं होतं. लोक मला म्हणतात, मामा, तुम्हाला तेलाचे ५१ मिळतात. आवो, तो बायोडिझेलचा दर, टाकाऊ तेलाचा न्हवं.

आता खरं सांगतो. पूर्वी एक जण यायचा, वही न विचारता जास्त दर द्यायचा. मला वाटायचं साबणाला नेत असेल. एकदा त्याचा पोरगा बोलून गेला, पांढरी माती घालून रंग काढतात नि हातगाड्यांना विकतात. मी दोन वर्षं त्याला माझं तेल दिलेलं. त्या गाड्यांवर माझी पुतणीच भजी खात असेल, काय सांगावं. त्या दिवसापासून बंद. म्हणून म्हणतो, घरचंही तेल दारावर येणाऱ्या कुणालाही विकू नका. पैसे देतोय म्हणजे चांगल्या कामाला नेतोय असं नसतं.

आठवी ताई, गोळा करणारा दोन-तीन लिटरसाठी तुमच्या दारात येणार नाही, त्याचं डिझेलसुद्धा सुटत नाही. बिल्डिंगचं एकत्र करा, गाळून, पाणी न लागू देता, आणि ओळखीच्या फरसाणवाल्याच्या कॅनमध्ये टाका. तुम्ही राजारामपुरीतल्या, माझं दुकान लांब नाही. मेसेज करा.

आठवी_गल्ली | २८ ऑक्टोबर, सकाळी ८.००

मामा, केला मेसेज. 🙏

साबणाची_वडी | ११.१५

उशिरा आले. मी घरी साबण करते, आंघोळीचा नव्हे, कढया आणि फरशीची फडकी धुवायचा. मोठ्या पातेल्यात एका दमात सगळं संपतं. प्रमाण: ८०० ग्रॅम तळणीचं (शेंग किंवा सूर्यफूल), २०० ग्रॅम खोबरेल, १३७ ग्रॅम कॉस्टिक सोडा, ३३० ग्रॅम पाणी. नुसत्या सूर्यफुलाचा केला तर वडी मऊ, चिकट होते, म्हणून खोबरेल. कॉस्टिक पाण्यात हळूहळू टाकायचा, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही, उसळतं. हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी, पोरं-मांजरं बाहेर. निवालं की तेलात ओतायचं आणि दाट होईपर्यंत घोटायचं. साच्यात दोन दिवस, मग कापून चार ते सहा आठवडे वाऱ्यावर.

बागवेडी | ११.४०

मी केला होता एकदा, हाताची सालं निघाली. तुमच्यासारखंच प्रमाण होतं, एक लिटर तेल मापून घेतलं होतं.

रसायनवाले | १२.०५

तिथंच चुकलं. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे, ९१० ते ९२० ग्रॅम भरतं. वरच्या प्रमाणात कॉस्टिक आधीच पाच टक्के कमी धरलाय, म्हणजे थोडं तेल मोकळं राहावं. तुम्ही तेल आठ टक्के कमी घेतलंत, त्यामुळे उलट कॉस्टिक मोकळा राहिला. इथं वाटी-चमचा नको, ग्रॅमचा काटा हवा. आणि ॲल्युमिनियमचं पातेलं तर अजिबात नको. कॉस्टिक त्याला खातो आणि हायड्रोजन सुटतो. स्टील किंवा जाड प्लॅस्टिक.

नागाळा_पार्क | १२.३०

एवढी यातायात कशाला? लाकडाच्या भुशात मुरवून घंटागाडीत द्यायचं, मोकळं. वर्षातनं एकदा दोन लिटर. शहरातली हॉटेलं काय ओततात ते बघा आधी.

शाहूपुरीचे_अण्णा | १.१०

वाटीभर असेल तर तुमचा भुसा मान्य. पण ज्याचं डिझेल होऊ शकतं ते भुशात कशाला घालवायचं? हॉटेलांना निदान वही आहे. आपल्या घराघरांत कसली वही?

आठवी_गल्ली | १२ नोव्हेंबर, रात्री ९.४५

पुढची हकिकत. बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं. तीन दिवस कुणी काही बोललं नाही. मग तळमजल्याच्या काकीच डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, "माझं पण मोरीतच जायचं की, गं." म्हणजे ते गोळे एकट्या माझे नव्हते! त्यानंतर नऊ घरांतनं १४ लिटर जमलं. एकानं पाणी मिसळलेलं दिलं, तळाला वेगळं दिसत होतं, ते परत केलं. काल अंबाबाईचा किरणोत्सव बघायला देवळाकडं निघालो होतो, जाता जाता मामांच्या दुकानात कॅन दिला. मामांनी तेल हुंगलं, म्हणाले, चकलीची भाजणी करपलीय कुणाचीतरी. माझीच.

किलोभर मागं ठेवलं होतं, त्यातनं काट्यावर मोजून साबण लावलाय. वड्या माळ्यावर वाळतायत.

आक्काबाई | १०.००

आणि पुढच्या वर्षी छोटी कढई.

आठवी_गल्ली | १४ डिसेंबर, दुपारी ३.३०

पाच आठवडे झाले. फोटो टाकत नाही, वड्या दिसायला गुळाच्या ढेपेच्या तुकड्यासारख्या झाल्यात. फेस बेताचा आहे, पण चकलीच्या कढईचा तो पिवळा चिकटा निम्मा तरी निघाला. सासूबाईंनी दोन वड्या स्वतःच्या कपाटात नेऊन ठेवल्या. आता कुणी वडे तळले की आधी विचारतात, "तेल गाळून ठेवलंस न्हवं?"

दुचाकी_वीर | ४.०५

मी गॅरेजला दिलं काळं ऑईल. त्यांनी घेतलं.

पेठेतला_गडी | ४.१२

सगळं बरं झालं. पण पुणेकर, ती दुसरी चप्पल?

पुण्यात_अडकलेला | ४.२०

कुत्र्याकडंच आहे. आता तो पहिलीची वाट बघत दारात बसतो.